गोलपोस्टमागच्या काकू

न्यूझीलंडमधल्या टौरंगाला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, त्या बाईंना मी काकू म्हणत असे. त्या गोऱ्या होत्या, पंच्याहत्तरी उलटून गेलेल्या होत्या, आणि मराठीशी त्यांचा संबंध काय तो माझ्यापुरता. इथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात. शाळेत जाणारं पोरसुद्धा शेजारच्या आजोबांना खुशाल 'बॉब' म्हणतं. पण माझ्या आईपेक्षा मोठ्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ उचलत नव्हती, म्हणून पहिले काही आठवडे मी 'एक्स्क्यूज मी'वरच निभावले. शेवटी त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे माझ्यासारखीला काय म्हणतात?"

"काकू," मी म्हणालो. "काकू म्हणजे काकाची बायको."

"काका?" त्यांनी चहाचा मग खाली ठेवला. "काका हा तर आमच्या जंगलातला पोपट आहे!"

खरंच आहे. न्यूझीलंडच्या झाडीत काका नावाचा एक दांडगा तपकिरी पोपट असतो आणि भयंकर ओरडतो. "म्हणजे मी पोपटाची बायको," म्हणून त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्या शनिवारी मैदानावर गेलो तर लहान पोरं, त्यांचे आईबाप, रेफरी, सगळे त्यांना काकूच म्हणत होते. त्यांनी स्वतःच फतवा काढला होता.

मी पुण्याहून शिकायला आलो होतो. कोर्स संपला आणि बंदराजवळच्या एका एक्सपोर्ट कंपनीत मला नोकरी लागली. किवी फळांचे कंटेनर वेळेवर बोटीवर चढतात की नाही, हे कॉम्प्युटरवर बघायचं काम. खोली बघायला काकूंकडे गेलो, तेव्हा मला वाटलं पगार विचारतील, सिगारेट ओढतोस का विचारतील. त्यांनी विचारलं, "कुठल्या पोझिशनला खेळतोस?"

"मी क्रिकेट खेळायचो. शाळेत."

"म्हणजे झेल घेता येतो. गोलकीपर होशील." आणि किल्ली हातावर ठेवली.

गोलकीपर मी झालो नाही. क्लबच्या सगळ्यांत खालच्या टीममध्ये बॅकला उभा राहायला लागलो. ज्यांना पळवत नाही पण घरीही बसवत नाही, अशा माणसांची ती टीम. काकू मात्र खऱ्या गोलकीपर होत्या. तरुणपणी त्यांनी आणि पॅकहाउसमध्ये फळं निवडणाऱ्या त्यांच्या मैत्रिणींनी मिळून इथली बायकांची पहिली सॉकर टीम काढली होती. त्या सॉकरच म्हणत, कारण इथे फुटबॉल म्हटलं की निम्मे लोक रग्बी समजतात. मैदान पुरुषांना लागायचं, म्हणून बायका रविवारी सकाळी पुरुषांची झोप चालू असताना खेळायच्या. कपडे बदलायला खोली नव्हती. गाडीच्या खिडक्यांना टॉवेल लावून बदलायच्या. "त्यामुळे आमच्या टीममध्ये कुणाला घ्यायचं हे आधी गाडीच्या साइजवर ठरायचं," असं काकू अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत.

काकूंची मॅच बघायची जागा ठरलेली होती. सगळे लोक मैदानाच्या कडेला उभे राहतात. काकू गोलच्या मागे. पाऊस असो, समुद्राकाठच्या 'माउंट' नावाच्या डोंगराकडून येणारा खारा वारा असो, हातात थर्मास, पायांत गमबूट आणि डोक्यावर कुणीतरी विसरून गेलेली लोकरी टोपी. बॉल दुसऱ्या टोकाला असला तरी त्यांची मान तिकडे वळत नसे. मी एकदा म्हणालो, "काकू, गोल तिकडे झाला. तुम्हाला दिसला तरी का?"

"बॉलकडे सगळेच बघतात," त्या म्हणाल्या. "मी माणसं बघते."

आणि माणसं त्यांनी खरंच बघून ठेवली होती. क्लबमध्ये नवीन मूल दाखल झालं की काकू त्याला हाताला धरून मैदानात न्यायच्या आणि एका जागी उभं करायच्या. "इथे उभं राहायचं, तर तुझ्याआधी इथे कोण उभं होतं ते माहीत हवं." मग सुरू. या कोपऱ्यातून तो फिजीचा डेअरीवाला कॉर्नर मारायचा. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किराणा दुकान. तो दुकानाला कुलूप लावून मॅच खेळायला यायचा आणि हाफ टाइमला पळत जाऊन दूध विकून परत यायचा. हे मैदान एका डच माणसाने स्वतःच्या ट्रॅक्टरने सपाट केलं. तो स्वतः कधी खेळला नाही, कारण त्याचा एक पाय आखूड होता. या बाकावर एक नर्स बसायची, रात्रपाळी करून आलेली, आणि पहिल्या शिट्टीला झोपून जायची. तिला उठवून सेंटर फॉरवर्डला पाठवलं की ती गोल मारायची आणि परत येऊन झोपायची. मुलं आ वासून ऐकायची. आईबाप गाडीशी ताटकळायचे. काकूंना त्याचं काही नसे.

सुपरमार्केटच्या रांगेतही हेच. पुढे उभ्या असलेल्या तरुणाला त्या विचारणार, "तू अमक्याचा नातू ना? तुझे आजोबा डाव्या पायाने काय शॉट मारायचे!" तो बिचारा आइस्क्रीम वितळेपर्यंत उभा. मला सुरुवातीला लाज वाटायची. मग लक्षात आलं, आजोबांच्या डाव्या पायाबद्दल त्या पोराला आजवर घरात कुणी सांगितलेलंच नसे. जाताना तो जरा ताठ होऊन जायचा.

एका सीझनच्या शेवटी मला बक्षीस मिळालं. आमच्या क्लबच्या बक्षीस समारंभात सगळ्यांत शेवटी, सगळ्यांत जास्त हशा पिकवणारा एक कप देतात. त्याचं नाव 'द केनी'. वर्षातली सगळ्यांत मूर्ख चूक करणाऱ्याला तो मिळतो. मी त्या वर्षी आपल्याच गोलमध्ये इतक्या सुंदर हेडरने बॉल घातला होता, की दुसऱ्या कुणाचं नावही पुढे आलं नाही. लोकांनी टेबलं बडवली. मी स्टेजवर जाऊन वाकून नमस्कार केला. परदेशात आल्यापासून इतकी माणसं माझं नाव घेऊन पहिल्यांदाच ओरडत होती. मला खरोखर आनंद झाला होता. कप घेऊन घरी आलो आणि किचनच्या टेबलावर ठेवला.

काकू त्या समारंभाला कधी जात नसत. त्यांनी कप पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे माझ्या घरात नको," त्या म्हणाल्या.

"काकू, गंमत असते ती."

"कुणाची?"

त्यांनी कप उचलला, मागच्या दाराने बागेत नेला, स्क्रूड्रायव्हर आणि हातोडीने त्याच्या बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि त्यात कोथिंबिरीचं बी टाकलं. इथल्या सुपरमार्केटमधल्या कोथिंबिरीला वास नसतो, अशी माझी रोजची तक्रार असे. आठवड्याभरात हिरवे कोंब वर आले. क्लबचा प्रेसिडेंट विरेमू, तिशीतला इलेक्ट्रिशियन, कप परत मागायला आला तेव्हा काकूंनी त्याला तो दाखवला. "घेऊन जा. पण रोज पाणी घालावं लागेल." विरेमू डोकं खाजवत गेला.

केनी हे कुणा माणसाचं नाव असेल, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. विरेमूलाही नव्हतं. त्याला वाटायचं, असंच काहीतरी गमतीचं नाव आहे. ते काकूंनी मला त्या संध्याकाळी सांगितलं.

चाळीसेक वर्षांपूर्वी आमचा हा छोटा क्लब कपच्या स्पर्धेत जिंकत जिंकत बराच पुढे गेला. मग ऑकलंडची एक बलाढ्य टीम इथे खेळायला आली. सगळं गाव मैदानावर. शेवटच्या मिनिटांपर्यंत बरोबरी. ऑकलंडवाल्यांनी एक लांब पास टाकला. आमच्या बचावाच्या खेळाडूंना वाटलं, त्यांचा माणूस ऑफसाइड आहे, म्हणजे नियमापेक्षा पुढे जाऊन उभा आहे. तसं असेल तर गोल धरत नाहीत. ते रेफरीकडे बघत हात वर करून उभे राहिले. रेफरीने शिट्टी वाजवली नाही. गोंधळात बॉल केनच्या पायाला लागून आमच्याच गोलमध्ये गेला. केन हा आमचा बचावातला सेंटर हाफ, जवळच्या टे पुके गावचा किवीच्या मळ्यात काम करणारा शांत माणूस. मॅच गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: जाळीच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसलेला केन, एकटा. तो फोटो क्लबहाउसमध्ये बारच्या वर अजून टांगलेला आहे. मी त्याच्याखाली बसून कित्येकदा चिप्स खाल्ले होते. पुढच्या वर्षी कुणीतरी हसण्यावारी नेऊन केनच्या नावाने तो कप सुरू केला. केन त्यानंतर कधी मैदानावर आला नाही.

"कुठे गेले ते?" मी विचारलं.

"कुठे जाणार? तिथेच आहे, टे पुकेला. मळा आता त्याचा स्वतःचा आहे." काकूंनी चहाचा मग बाजूला सारला. "तुझ्याकडे गाडी आहे ना?"

वयामुळे नजर कमी झाल्याने काकूंचं लायसन्स गेलं होतं. पुढच्या शरद ऋतूत आम्ही फिजोआ फळांची पिशवी भरून टे पुकेला निघालो. टौरंगाच्या ट्रॅफिकमध्ये काकू शेजारी बसून मला सूचना देत होत्या: "डावीकडे सरक. त्या युट ट्रकला पुढे जाऊ दे. घाई आहे बिचाऱ्याला, त्याचं लग्न झालेलं नसावं."

केन उंच होते, खांदे थोडे वाकलेले. काकूंना पाहून त्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी चहा केला. काकूंनी किवीच्या भावाबद्दल विचारलं, वेलींवरच्या रोगाबद्दल विचारलं, त्यांच्या कुत्र्याचं कौतुक केलं. सॉकरचा शब्दही काढला नाही. चहा संपला, आम्ही निघालो.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही. थंडी पडली, मळ्यात वेलींची छाटणी सुरू झाली, आणि आम्ही आपले केनच्या किचनमध्ये बसून कुत्र्याबद्दल बोलतोय. परत येताना एकदा मी चिडून म्हणालो, "काकू, विचारायचं असेल ते एकदा विचारून टाका ना. मी इतकं पेट्रोल कुत्र्यासाठी जाळतोय का?"

"गोलकीपरला थांबता आलं पाहिजे," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "समोरच्याने मारायच्या आधी उडी मारली की संपलंच."

पुढच्याच खेपेला बॉल मारला तो केननीच. त्या वेळी काकू बाहेर कुत्र्याला बिस्किट देत होत्या. केन माझ्यासमोर कप विसळत होते. पाठ माझ्याकडे.

"तू क्लबमध्ये खेळतोस म्हणे."

"हो. खेळतो म्हणजे, उभा असतो."

"गेल्या वर्षी केनी तुला मिळाला."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं, दर वर्षी, त्यांना ठाऊक होतं. मी खरं ते सांगितलं. "मिळाला. पण काकूंनी त्याला भोकं पाडून त्यात कोथिंबीर लावली आहे."

ते वळले. "काय लावलीय?"

"कोथिंबीर. कोरिअँडर. आम्ही भाजीवर घालतो."

"त्या कपात?"

"हो. आणि काकू फार पाणी घालतात. एकदा सगळी कुजली. आता पुन्हा लावलीय."

केन हसायला लागले. हसायची सवय मोडलेल्या माणसासारखं, आधी आवाज न करता, मग खोकत, मग सिंकचा काठ धरून. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. निघताना गाडीत बसल्यावर काच खाली करून त्या केनना इतकंच म्हणाल्या, "या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी क्लबचं जेवण आहे. वर्धापनदिनाचं. मी जाणार आहे."

केन म्हणाले, "बरं." मला वाटलं, ते येणार नाहीत.

त्या जेवणासाठी विरेमूने एक मोठा लाकडी फलक बनवून घेतला होता. क्लबच्या इतिहासातली मोठी माणसं त्यावर सोनेरी अक्षरांत. जे जिल्ह्याकडून खेळले, ज्यांनी खूप गोल मारले, जे ऑस्ट्रेलियात जाऊन नाव काढून आले. बायकांच्या टीमची पहिली कॅप्टन म्हणून काकूंचं नावही होतं. जुन्या माणसांबद्दल बोलायला त्यांनाच सांगितलं होतं. विरेमूने मला बाजूला घेऊन विनवलं, "भावा, त्यांना थोडक्यात आटपायला सांग. लँब थंड होईल." मी म्हटलं, "तूच सांग." त्याने सांगितलं नाही.

क्लबहाउस भरलं होतं. 'किया ओरा' अशा माओरी नमस्कारांचे आवाज, पोरांची पळापळ, जुने खेळाडू काठ्या टेकत एकमेकांच्या पोटांवर थापा मारतायत. मुख्य टेबलावर क्लबचे पेट्रन बसले होते, डग नावाचे, सुटाबुटातले, सगळ्यांना हवेसे आजोबा. केनी कपची कल्पना त्यांचीच होती, हे मला काकूंनी सांगितलं होतं. त्या मॅचला तेही बचावात खेळत होते.

काकू उठल्या. डच माणूस झाला, ट्रॅक्टर झाला, डेअरीवाला झाला, झोपाळू नर्स झाली. लोक हसत होते, डोळे पुसत होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि केन आत आले. स्वच्छ शर्ट, केस पाण्याने बसवलेले. ते दाराशीच थांबले. तरुणांपैकी कुणी त्यांना ओळखलं नाही. म्हाताऱ्यांच्या टेबलावर मात्र एकेक आवाज विझत गेला.

काकू बोलायच्या थांबल्या. मग बारकडे चालत गेल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या आणि भिंतीवरचा तो फोटो काढून हातात घेतला.

"हा फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय," त्या म्हणाल्या. "याच्याखाली बसून बिअर पिता. त्या दिवशी मी त्या गोलच्या मागे उभी होते. तुम्ही बॉल बघत होतात. मी माणसं बघत होते. पास आला तेव्हा आमचे चौघे बचावाला होते. तिघांनी हात वर केले आणि जागच्या जागी उभे राहिले. एक धावला. रेफरीवर विसंबून न राहता एकटा धावला, गोलकीपरच्याही मागे जाऊन पोचला, आणि पाय घातला. जो धावला त्याच्याच गुडघ्याला बॉल लागणार. जे उभे राहिले त्यांच्या कसा लागेल?"

काकूंनी फोटो सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"या फोटोत केन एकटाच आहे," काकू म्हणाल्या. "एकटाच आहे, कारण तिथे एकटा तोच होता. बाकीचे फोटोत यायलासुद्धा फार लांब होते. या फलकावर माझं नाव लावलंत, आभार. त्याचं नसेल, तर माझंही पुसून टाका."

त्यांनी फोटो मुख्य टेबलावर डगसमोर ठेवला. डग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. मला वाटलं, आता काहीतरी गुळगुळीत बोलून वेळ मारून नेतील.

"माझा हात वर होता," ते म्हणाले. इतकंच. आणि ते उभेच राहिले.

सगळं क्लबहाउस मागे वळून दाराकडे बघायला लागलं. केनचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी घसा खाकरला.

"गुडघा नव्हे," ते म्हणाले. "नडगी. नडगीला लागला."

जो हशा उठला, तो बक्षीस समारंभातल्या हशासारखा नव्हता. विरेमू धावत गेला, त्याने केनच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवून त्यांना होंगी केली, आणि मग लोक एकेक करून त्यांच्याभोवती जमले. डगही गेले. ते दोघे काय बोलले मला ऐकू आलं नाही. डगचा हात केनच्या खांद्यावर होता, आणि केननी तो तिथे राहू दिला होता.

केनना गर्दी सोसेना, हे दिसत होतं. थोड्या वेळाने ते सरळ बाहेर पडले. विरेमू मागे जायला निघाला तर काकूंनी त्याची बाही धरली. "जाऊ दे त्याला."

आम्ही खिडकीतून बघत होतो. केन गाडीकडे गेले नाहीत. ओल्या गवतावरून ते बंदराकडच्या गोलपाशी गेले, त्या दिवशीच्या त्याच गोलपाशी. तिथे थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग त्यांनी जाळी हातात धरून ओढून पाहिली. वरच्या दांडीवरून ती दोन-तीन ठिकाणी सुटून लोंबत होती. आम्हाला कुणाला ते कधी खटकलं नव्हतं. केननी खिशातून सुतळीचा गुंडा काढला, वेली बांधायचा, दातांनी तुकडे तोडले, आणि हात उंच करून एकेक गाठ मारायला लागले. चांगले कपडे घातले आहेत, हे विसरूनच गेले होते.

एक बाजू झाल्यावर त्यांनी वळून क्लबहाउसकडे हाक मारली. "या जाळ्या कोण बघतं इथे?"

विरेमू खिडकीतून ओरडला, "खरं सांगायचं तर कुणीच नाही!"

"ते दिसतंच आहे," केन म्हणाले. "दोन्ही गोल नीट करायला शिडी लागेल. शनिवारी घेऊन येतो."

काकू खुर्चीवर बसल्या, त्यांनी पावलोव्हा केकचं भांडं स्वतःकडे ओढलं आणि मला म्हणाल्या, "लँब थंड झालंय. तू हे खा."